एफ अक्षरासमोरचा आकडा

नॉरिस एंटविसलचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि या गुणाबद्दल त्याला गिरणीत पगार मिळत असे. मागावरून उतरलेलं कापड त्याच्या टेबलावर यायचं. तो ते उजेडाकडे ओढत ओढत बघायचा आणि कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग घडीत दडवलाय, ते शोधून काढायचा. दोष सापडला की विणकराला बोलणी बसत. त्यामुळे ब्रॅकशॉ गावातल्या निम्म्या विणकर बायका त्याला पाठीमागे नावं ठेवत आणि उरलेल्या तोंडावर. त्याचं म्हणणं एकच होतं, "कापड काय आणि माणूस काय, उलटं करून बघावं."

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला तरी हे उलटं करून बघणं थांबत नसे. खाटीक वजन करताना तराजूवर अंगठा ठेवतो, पाद्री घसा बसल्याचं निमित्त करून प्रवचन आखडतं घेतो, शेजारीण मुद्दाम आपल्याच दाराकडे धूळ झाडते, हे सगळं त्याला दिसायचं. एकदा चर्चच्या सोडतीत त्याला अख्खं हॅम लागलं. घरी आणून त्याने ते टेबलावर ठेवलं आणि नुसता बघत बसला. मलाच का लागलं? शेवटी मेबलने, म्हणजे त्याच्या बहिणीने, एक काप त्याच्यासमोर खाऊन दाखवला आणि म्हणाली, "हे बघ, जिवंत आहे मी. आता जेव." तेव्हा कुठे त्याने सुरी हातात घेतली.

"पाणी कुठंतरी मुरतंय," हे त्याचं पालुपद. आमच्या लँकेशायरमध्ये पाणी बाराही महिने भिंतीत मुरत असतं, पण नॉरिसला अभिप्रेत असलेलं पाणी वेगळं होतं.

अशा माणसाच्या हाती ब्रॅकशॉ टाउन फुटबॉल क्लबचा बोर्ड असावा, यात नवल नाही. मैदानाच्या कोपऱ्यात, पायऱ्यांवरच्या गर्दीच्याही वर, लाकडी मचाण होतं आणि त्यावर ए पासून पुढची अक्षरं रंगवलेली होती. प्रत्येक अक्षर म्हणजे त्याच दुपारी दुसऱ्या गावी चाललेला एक सामना. कुठलं अक्षर कुठल्या सामन्याचं, ते छापील कार्यक्रमपत्रिकेत असे. ती ज्याने विकत घेतली नसेल तो शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावत असे. अक्षरांसमोर खिळे, आणि खिळ्यांना नॉरिस पत्र्याचे आकडे लटकवायचा. लष्कराच्या भंगारातून आणलेला, दांडी फिरवायचा एक फोन त्याच्या पायाशी असे. क्लबच्या ऑफिसातून त्यावर गोल कळवले जात.

हजारो माणसं आपल्या हाताकडे बघतायत, हे सुख नॉरिसला दुसरीकडे कुठेही मिळालं नव्हतं. लग्न झालं नव्हतं, दोस्त नव्हते. पण शनिवारी दुपारी त्याने पत्रा टांगला की गाव त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं. पायऱ्यांवर कुणी अफवा उठवली तर दुसरा सांगायचा, "गप रे, नॉरिसनं लावलंय का? नाही ना? मग नाही."

आता या सुखात खडा कुठला, तर लेस्ली पिम्ब्लेट. लेस्ली मेबलचा नवरा. लग्न झालं आणि तो नॉरिसच्याच घरात, वरच्या मागच्या खोलीत राहायला आला. गोल चेहऱ्याचा, शिट्टी वाजवत जिना उतरणारा, सगळ्यांना आधी हात करणारा माणूस. क्लबला सेक्रेटरी हवा होता, हिशेबाला चोख आणि बोलायला गोड. लेस्ली दोन्ही होता, त्याला घेतलं. पण त्याच्यात एक खोट होती आणि ती कुठल्याच साबणाने निघणारी नव्हती. तो जन्माने स्कारहोमचा होता.

स्कारहोम म्हणजे टेकडीपलीकडचं गाव. तिथली गिरणी आमच्या गिरणीपेक्षा मोठी, तिथला बँड मोठा, आणि तिथली माणसं हे विसरू देत नाहीत.

"लेस्ली, तू कुणाच्या बाजूचा रे?" नॉरिस दर रविवारी जेवताना विचारायचा.

"ज्या घरात बटाटे खातो त्या घरच्या बाजूचा."

"बटाटे कुणीही खातं."

"मग तुझ्या बाजूचा म्हण, नॉरिस. तुला सोडून मी जाणार कुठं?"

"बघितलंस?" नॉरिस मेबलला म्हणायचा. "सरळ उत्तर देत नाही."

मेबल दोघांच्या ताटात रस्सा ओतायची आणि विषय बदलायची. इतकी वर्षं तिने हेच केलं होतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आदल्या हंगामात ब्रॅकशॉ टाउन लीगच्या सगळ्यात खालच्या, चौथ्या विभागातून वर चढलं होतं. आमच्यासारख्या गावाला तिसरा विभाग म्हणजे स्वर्गच. खेळाडूंना कोळशाच्या ट्रकवर चढवून मिरवलं, ट्रक धुतला होता तरी सगळ्यांच्या विजारी काळ्या झाल्या. तेव्हाही नॉरिस फुटपाथवर हाताची घडी घालून उभा होता. "वर चढवलंय," तो म्हणाला, "म्हणजे खाली आपटायचा बेत दिसतोय कुणाचा तरी." लोक हसले.

ऑगस्टमध्ये पहिलाच सामना जिंकला, तर याचं तोंड लांब. ऑक्टोबरमध्ये आमचा सगळ्यात चांगला गोल मारणारा गडी मोठ्या क्लबने उचलून नेला. त्या सौद्याचा कागद कुणाच्या हातून गेला? सेक्रेटरीच्या. नॉरिसला एवढं पुरे होतं. हिवाळ्यात मैदान दगडासारखं गोठलं, सामने पुढे ढकलले गेले, मग ते मार्चमध्ये एकावर एक आले आणि पोरं थकून हरू लागली. हवामान लेस्लीच्या हातात नव्हतं हे नॉरिस मान्य करायचा, पण नाइलाजाने. घसरत घसरत आम्ही तळाच्या चौघांच्या शेजारी येऊन बसलो. तळाचे चौघे खाली जाणार. आमच्या एका गुणाने मागे, त्या चौघांत, स्कारहोम.

पण खरी ठिणगी त्याआधीच, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पडली होती. त्या दुपारी आम्ही हरत होतो, पाऊस तिरका येत होता आणि मचाणावर नॉरिस गारठून बसला होता. लेस्लीला त्याची कीव आली. मेहुण्याला जरा हसवू, म्हणून त्याने फोन केला, "नॉरिस, ऐक. स्कारहोमवर नऊ गोल चढलेत. नऊ! माझी आई रडत असेल आता." आणि फोन ठेवून, गंमत कळायला नॉरिस पुन्हा फोन करील म्हणून वाट बघत बसला.

नॉरिसने फोन केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवावासा वाटला. त्याने नऊचा पत्रा शोधून काढला, तो कधी लागलाच नव्हता म्हणून कोरा करकरीत होता, आणि दिमाखात टांगला. पायऱ्या गर्जल्या. टोप्या उडाल्या. संध्याकाळी पेपर आला, तर स्कारहोम जिंकलं होतं.

सोमवारी गिरणीत बायकांनी त्याला खाऊन टाकलं. "नॉरिस, या ठाणात दोष किती? नऊ का?" लेस्लीने शंभरदा माफी मागितली. "अरे, थट्टा होती. माझ्याच गावाची केली ना, तुझ्या तर नाही!"

"माझ्या हातानं खोटा आकडा लावलास तू," नॉरिस म्हणाला. त्यानंतर तो लेस्लीशी मिठापुरतंच बोलायचा. मीठ दे. मीठ ठेव.

एप्रिलच्या शेवटी हंगामाचा अखेरचा शनिवार आला. गणित लहान मुलाला कळेल असं होतं. तेव्हा विजयाला दोन गुण असत, बरोबरीला एक. आम्ही जिंकलो तर प्रश्नच नाही. बरोबरीत सुटलो तर स्कारहोम जिंकता कामा नये. ते जिंकले तर गुण सारखे होणार, मग गोलांची सरासरी बघणार, आणि त्यात ते सरस होते. म्हणजे आम्ही खाली. चेअरमनने लेस्लीला सांगितलं, स्कारहोमला गोल झाला रे झाला की बोर्डवर दिसला पाहिजे, कप्तान बोर्डकडे बघून खेळ ठरवील. बाहेरच्या जगाशी जोडलेला फोन एकच होता, तो लेस्लीच्या खोलीत. ती खोली स्टँडच्या पोटात होती आणि तिला मैदानाकडे खिडकी नव्हती.

त्या दिवशी स्कारहोमच्या सामन्याला एफ अक्षर मिळालं होतं. गावातलं प्रत्येक पोर एफ कुठे आहे ते बोट दाखवून सांगू शकत होतं.

मध्यंतराला आमचा सामना एक-एक. एफसमोर शून्य-शून्य. लोकांनी गरम रस्सा प्यायला, पाय आपटले, पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या अर्ध्यात पाहुणे संथ खेळत होते, त्यांना ना चढायचं होतं ना पडायचं होतं. बरोबरी हाताशी होती.

आणि फोन वाजला.

"नॉरिस, स्कारहोमनं गोल मारला. एक-शून्य. लाव लगेच."

नॉरिसने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? आता आपल्याला जिंकायलाच हवं. लाव!"

"खरं सांगतोस?"

"देवाशपथ."

"नाताळात पण अशीच शपथ घेतली असतीस."

"अरे बाबा, ही काय थट्टेची वेळ आहे? पाया पडतो, लाव."

नॉरिसने एकचा पत्रा उचलला. तो हातात धरून त्याने मैदानाकडे बघितलं, आणि तिथे त्याचं डोकं चालू लागलं. हा पत्रा लागला तर काय होईल? पायऱ्यांवर हाहाकार उडेल. कप्तान सगळ्यांना पुढे धाडील. मागे कोण उरेल? एकटा गोली. पाहुणे एक लांब चेंडू मारतील, आणि आम्ही हरू. आम्ही हरलो तर स्कारहोमला जिंकायचीही गरज नाही, नुसत्या बरोबरीवर ते वाचतील. वा रे लेस्ली! पाया पडतोय! इतकी वर्षं वाट बघितलीस या दुपारची. सगळे धागे जुळले आणि नॉरिसला भीतीऐवजी आनंदच झाला. शेवटी सापडला होता दोष, घडीत दडवलेला.

त्याने पत्रा परत खोक्यात ठेवला. "बरं," तो फोनवर म्हणाला.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. "लावलास ना रे?"

"लावला," नॉरिस म्हणाला. दुष्टाला दुष्टपणाने उत्तर दिलं तर पाप नाही, असं त्याला वाटलं.

खाली आमच्या कप्तानाने मान वर करून बोर्ड बघितला. शून्य-शून्य. त्याने दोन्ही हातांनी खूण केली, सावकाश. पोरांनी चेंडू मागे गोलीकडे दिला, गोलीने तो बाळासारखा कवटाळला. मग चेंडू कोपऱ्यात नेऊन उभे राहिले. मग गर्दीत भिरकावला. गर्दीनेही तो परत द्यायला वेळ लावला, आम्ही काही कमी नाही. गाणी सुरू झाली. पंचाची शिट्टी झाली तेव्हा म्हातारेकोतारे कुंपण ओलांडून मैदानात धावले आणि चिखलात गुडघे टेकून ओरडले. वाचलो!

हे गाणं आपल्या बंद खोलीत लेस्लीने ऐकलं. आमचा दुसरा गोल झाल्याची गर्जना तर ऐकू आली नव्हती, मग लोक गातात कसे? तो बाहेर आला. त्याने एफसमोर बघितलं, तिथे अजून शून्य-शून्यच होतं.

स्कारहोम जिंकल्याची, म्हणजे आम्ही खाली गेल्याची बातमी चेअरमनच्या तोंडून मैदानभर पसरायला फार वेळ लागला नाही. गाणं एका कडेपासून विझत गेलं. मग सगळी तोंडं बोर्डकडे वळली, आणि माणसं मचाणाकडे चालत येऊ लागली. धावत नव्हती, चालत होती. नॉरिसने शिडीवरून खाली बघितलं. पहिल्या ओळीत त्याच्या गिरणीतले लोक होते.

लेस्ली त्यांच्या आधी शिडीपाशी पोचला होता, धापा टाकत. चेअरमन ओरडला, "बोर्डवर का नाही लागलं? कळवलं नव्हतंस?"

लेस्लीने वर नॉरिसकडे एकदा बघितलं. मग तो गर्दीकडे वळला.

"फोन मेला होता," तो म्हणाला. "मला आधी कळायला हवं होतं. चूक माझी."

नॉरिस शिडीच्या वरच्या पायरीवरच उभा राहिला. त्या घटकेलाही त्याच्या मनात काय आलं असेल? हा असं का म्हणतोय? यात याचा काय डाव? तोवर गर्दी लेस्लीभोवती वळली होती. "स्कारहोमचा तो! स्कारहोमचाच!" कुणीतरी त्याची टोपी उडवली. पोलीस मध्ये पडले म्हणून निभावलं.

पुढे जे झालं ते लाज वाटावी असं होतं. क्लबने लेस्लीला काढलं. त्या घराच्या दाराच्या फटीतून रात्री कुणी माशांची आतडी टाकली. बेकरीत मेबलची पाळी आली की पाव संपायचा. आणि घरात नॉरिस वाट बघत बसायचा, हा आता कधी माझं नाव सांगतो. आज नाही सांगितलं, म्हणजे उद्या सांगेल. मोका बघतोय. लेस्लीने कधीच सांगितलं नाही. जूनमध्ये त्याने आणि मेबलने सामान बांधलं आणि टेकडीपलीकडे राहायला गेले.

निघताना मेबलने फक्त एवढंच विचारलं, "फोन चालू होता ना, नॉरिस?"

नॉरिस खिडकीबाहेर बघत राहिला. तिने टोपी घातली आणि गेली.

आता गंमत बघा. ज्या नॉरिसला गावात कुणी विचारत नव्हतं, त्याला ऑगस्टमध्ये पबात बसायला जागा करून देऊ लागले. टाउन पुन्हा चौथ्या विभागात धडपडत होतं आणि लोकांना शिव्या द्यायला कुणी तरी हवं होतं. "नॉरिस पहिल्यापासून सांगत होता," पबाचा मालक हॉरेस सगळ्यांना ऐकवायचा. "त्या माणसाला उलटं करून बघा म्हणाला होता. आपण हसलो." बिअरचे ग्लास त्याच्यासमोर आपोआप येऊ लागले. विणकर बायकासुद्धा म्हणू लागल्या, "तुझी नजर खरी रे, नॉरिस."

सगळं आयुष्य ज्यासाठी तळमळला ते असं वाढलेल्या ताटासारखं पुढे आलं, आणि त्याला एक घास गिळवेना. घरी गेलं की जिन्यावर शिट्टी नव्हती. मीठ दे म्हणायला कुणी नव्हतं. त्याला त्या दोघांची इतकी आठवण यायची की तो दिवा न लावताच बसायचा.

एका संध्याकाळी हॉरेसने नेहमीचं सुरू केलं, फोन मेला होता म्हणे! आणि नॉरिसने ग्लास खाली ठेवला.

"फोन मेला नव्हता," तो म्हणाला. "चालू होता."

"हेच, हेच आम्ही म्हणतोय!" हॉरेसने टेबलावर थाप मारली. "चालू असून त्यानं केला नाही!"

"केला होता. दोनदा. मला खोटं वाटलं म्हणून मी आकडा लावला नाही. तो मला वाचवायला खोटं बोलला."

नॉरिस उभा राहून वाट बघत होता. मारतील, थुंकतील, काहीही करतील, तो तयार होता. मग कोपऱ्यातल्या एकाने हळूच मान हलवली.

"बिचारा," तो म्हणाला. "बहिणीसाठी किती करतोय बघा."

"अरे, मी खरं सांगतोय!"

"सांगतोयस ना, सांग," हॉरेस प्रेमाने म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "पण आम्ही काय दूधखुळे आहोत? बोर्डवर चुकीचा आकडा, आणि तुझ्या हातून? मेबलनंच सांगायला लावलं असणार हे. पाणी कुठं मुरतंय ते आम्हालाही कळतं आता, तूच शिकवलंस."

नॉरिस ओरडला. टेबलावर मूठ आपटली. ते जितका त्याला थोपटत गेले तितका तो ओरडत गेला, आणि जितका ओरडला तितकी त्यांची खात्री पटत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो बसने स्कारहोमला गेला. मेबलने दार उघडलं. अंगावर पीठ लागलेला एप्रन होता. तिने त्याला आत बोलावलं नाही.

"गावाला सांगितलं मी," नॉरिस म्हणाला. "सगळं. माझं नाव घेऊन."

"मग?"

"कुणालाच खरं वाटेना. शपथा घेतल्या. गळा फुटेस्तो सांगितलं. मी जे बोलेन त्यातच त्यांना डाव दिसतो."

मेबलने त्याच्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे, आणि त्याने नॉरिसला जास्तच लागलं.

"आपल्या घरात लेस्ली असाच राहिला," ती म्हणाली. "रोज. जेवायला बसला की."

आतून लेस्लीचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"नॉरिस आलाय."

"मग दारात काय उभं केलंयस त्याला? आत घे. बटाटे पुरतील."

नॉरिसने टोपी काढली आणि उंबऱ्यात पाय ठेवला. ठेवता ठेवता त्याच्या मनात आलंच, हा इतकं गोड का बोलतोय? तो तिथेच थांबला, तो प्रश्न बाहेर पडू नये म्हणून टोपी त्याने तोंडावर दाबली, आणि मेबलला वाटलं त्याला खोकला आलाय.